भूमिआजोबांचा मदरबोर्ड

“या वर्षी मी देवाला जे दाखवणार आहे ना, ते देवानं जन्मात पाहिलेलं नाही!”

को शुई-मूनं ही घोषणा केली ती सकाळी, बायकोच्या न्याहारीच्या दुकानात, ऐन गर्दीत. तोंडात मुळ्याच्या वडीचा गरम तुकडा होता, त्यामुळे पहिल्या खेपेला ती कुणालाच कळली नाही. मग त्यानं तुकडा गिळला, वर घोटभर सोयाबीनचं दूध घेतलं आणि तीच घोषणा दुप्पट आवाजात केली.

“देवाला नंतर दाखव,” तव्यावरची नजर न काढता त्याची बायको ली-चू म्हणाली, “आधी त्या कोपऱ्यातल्या टेबलाला अंड्याची पोळी दे, म्हाताऱ्या माकडा.”

आमच्या चुंगहोच्या गल्लीत म्हातारं माकड ही शिवी नाही बरं का. संसार पुरेसा मुरला की ही पदवी नवऱ्याला आपोआप मिळते. शुई-मूला ती मिळून जमाना झाला होता. पण आज त्याच्याकडे तिच्याहून मोठा मान होता. या वर्षीचा मानकरी तो होता!

गल्लीच्या टोकाला, वडाखाली आमच्या भूमिआजोबांचं देऊळ आहे. समोर चार स्कूटर लावल्या की ते दिसेनासं होतं, एवढंसं. पण देव जागता. पांढरी दाढी, हसरा चेहरा, शेंगदाण्याच्या चिक्कीचा शौकीन आणि घराघरातल्या भानगडींची पक्की खबर ठेवणारा. दर वर्षी कौल लावून एका घराला मान मिळतो. त्या घरानं वर्षभर उदबत्त्यांचं पात्र सांभाळायचं आणि देवाच्या वाढदिवशी देवाला करमणुकीचा खेळ दाखवायचा. हो, देवाला! पुढची लाल स्टुलांची रांग त्याच्यासाठी आणि त्याच्या पाहुण्या देवांसाठी रिकामी सोडतात. माणसांनी मागे बसून जमेल तेवढं बघायचं.

गेल्या वर्षीचा मानकरी होता फांग. त्यानं ट्रकवर बांधलेला भला मोठा पडदा आणून देवाला सिनेमा दाखवला. तेव्हापासून गल्लीत जो तो फांगचं गुणगान करत होता, आणि शुई-मूचं पोट नेमकं तिथेच दुखत होतं.

कारण हे दोघे एकाच कारखान्यातून निवृत्त झाले होते. मदरबोर्डचा कारखाना. कॉम्प्युटरच्या पोटात जी पाटी असते, जिच्यावर प्रोसेसर बसतो आणि बाकी सगळा कारभार चालतो, ती पाटी. फांग विक्री खात्यात. तो सूट घालून परदेशी व्यापारी जत्रांना जायचा, गोऱ्या लोकांबरोबर फोटो काढून घ्यायचा, येताना बायकोला चॉकलेटं आणायचा. शुई-मू तपासणीच्या हॉलमध्ये. जगात जाणारी एकेक पाटी त्याच्या हाताखालून जायची. तो तिला वीज द्यायचा, ती पहिला ‘टूं’ करते का ते कान देऊन ऐकायचा आणि कोपऱ्यात आपल्या नंबराची गोल चिकटपट्टी लावायचा. अशा किती पाट्या त्याच्या हातून जिवंत झाल्या, याला गणतीच नाही. पण तपासणीच्या हॉलमध्ये बाहेरच्या माणसाला यायची बंदी होती. त्यामुळे हे कुणी पाहिलं नाही. ली-चूनं तर नाहीच.

“माझ्या नवऱ्याला चुका काढायचा पगार मिळतो,” ती गिऱ्हाइकांना सांगायची. “घरी तो फुकट काढतो.”

शुई-मूला एकदा, फक्त एकदा, अख्ख्या गल्लीसमोर आणि विशेषतः या बाईसमोर एक पाटी जिवंत करून दाखवायची होती. असं तो तोंडानं कधीच बोलला नसता. बोलण्यापेक्षा त्यानं पाटी गिळली असती. पण त्याच्या मनात होतं ते हेच, बाकी सगळा देखावा.

बेत असा होता. कारखान्याच्या भरभराटीच्या काळातला एक कॉम्प्युटर सुट्या भागांपासून जोडायचा, आणि त्यावर ड्रॅगन होड्यांच्या शर्यतीचा जुना खेळ लावायचा. देवळाला लागून तेव्हा कॉम्प्युटर खेळांचं एक दुकान होतं. गल्लीतली सगळी पोरं परीक्षेत पास कर म्हणून देवाला उदबत्ती लावायची आणि लगेच त्या दुकानात घुसून होड्या हाकायची. “म्हणजे बघा,” शुई-मू टेबलाटेबलाला जाऊन समजावत होता, “देवानं भिंतीपलीकडून वर्षानुवर्षं नुसते ढोल ऐकले! होडी एकदाही पाहिली नाही! हा अन्याय आहे की नाही?”

अन्याय आहे, असं सगळ्यांचं मत पडलं. मुळ्याच्या वड्या त्या दिवशी फारच छान झाल्या होत्या.

आता खरं काम सुरू झालं. पाटी कुठली आणि प्रोसेसर कुठला? शुई-मूनं वरच्या खोलीत पलंगाखालचे बिस्किटांचे डबे बाहेर ओढले आणि तीन पाट्या पलंगावर शेजारी शेजारी मांडल्या. एक पेंटियमची, एक ४८६ची आणि एक ३८६ची. तिघींवर त्याची स्वतःची गोल चिकटपट्टी! स्थळं पाहायला आलेल्या मुलीच्या बापासारखा तो त्यांच्याभोवती फिरू लागला.

या जुन्या खेळाची एक गंमत होती. तो लिहिणाऱ्यानं होडीची वल्ही प्रोसेसरच्या चालीला बांधून ठेवली होती. प्रोसेसर रमतगमत चालला तर वल्ही रमतगमत, धावला तर वल्हीही धावणार. म्हणून इथे वेगवान प्रोसेसर म्हणजे गुण नव्हे, अवगुण! शुई-मूनं पेंटियम लावून पाहिला. होड्या पिसाळल्या. ४८६ लावला. होड्या शुद्धीवर आल्या, पण त्यांच्या मागे पोलीस लागले असावेत असं वाटत होतं. शेवटी त्यानं ३८६ची पाटी घेतली. तिच्यावरची जुनी बॅटरी गळून तांबं खाते, म्हणून त्यानं ती कधीच कापून बाहेरून नवी जोडली होती. इतकी माया त्यानं सख्ख्या दातांवरही केली नव्हती. तिच्यासाठी त्याच्याकडे प्रोसेसरही तीन होते. एकाच्या वेगाचा आकडा चाळीस, दुसऱ्याचा तेहतीस, तिसऱ्याचा पंचवीस.

चाळीसवर ढोल घाईत वाजला. तेहतीसवर जरा बरा. मग त्यानं पंचवीसचा बसवला, आणि खालच्या दुकानात ली-चू पातीचा कांदा चिरत होती तिच्या सुरीच्या ठेक्यात ढोल बरोब्बर मिसळला. धम, धम, धम! शुई-मू उडालाच. “पंचवीस!” तो जिन्यातून ओरडला. “पंचवीसच!”

“पंचवीस काय? कांदे?” खालून आवाज आला.

दुसऱ्या दिवशी ही पंचवीसची गोष्ट फांगच्या कानावर गेली. तो न्याहारीला आला तो एक प्लॅस्टिकची पिशवी घेऊनच.

“शुई-मू दादा, अरे पंचवीस?” तो सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाला. विक्री खात्यातल्या माणसाला हळू बोलताच येत नाही. “माझी स्कूटर बाजारात जाते तीसुद्धा चाळीसनं! देवाचा वाढदिवस आहे. हे बघ, मी काय आणलंय. पेंटियम थ्री! एक हजार! आपल्याच कारखान्याची पाटी, मी स्वतः विकायचो!”

“हजार?” शेजारच्या टेबलावरचे लोक वळून बघू लागले. “हजार कुठे, पंचवीस कुठे!”

“अरे, जास्त म्हणजे चांगलं असं नसतं!” शुई-मू कळवळून म्हणाला. “होड्या पळून जातील!”

“शर्यतीत होड्या पळतातच. तुझ्या काय नांगर टाकून बसणार आहेत?”

दुकान हसलं. ली-चूही हसली, आणि ते शुई-मूला फार लागलं. त्याच झटक्यात तो बोलून गेला, “चला! देवालाच विचारू! देव काय ते सांगेल! देवाला तरी अक्कल आहे!”

संध्याकाळी पाच-सात पुरुष देवळासमोर जमले. बायका त्या वेळी कचऱ्याच्या पिशव्या घेऊन कोपऱ्यावर उभ्या होत्या, कारण गाणं वाजवत येणारी कचऱ्याची गाडी कुणाच्या कौलासाठी थांबत नाही. शुई-मू स्वच्छ सदरा घालून आला होता. त्यानं आपली ३८६ची पाटी पंचवीसच्या प्रोसेसरसकट एका लाल ताटात, संत्री आणि चिक्कीच्या मधोमध मांडली आणि ताट देवापुढे ठेवलं. रीत म्हणजे रीत! फांगला कसली रीत? त्याची पाटी पिशवीतच, आणि पिशवी मनगटाला लटकत होती.

आमचा कौल दोन लाकडी फाकींचा असतो. संत्र्याच्या फोडीच्या आकाराच्या, एक बाजू सपाट, दुसरी फुगीर. जमिनीवर टाकल्यावर एक सपाट आणि एक फुगीर पडली तर देव हो म्हणाला. दोन्ही फुगीर बाजू वर आल्या तर नाही. आणि दोन्ही सपाट वर येऊन फाकी डुलायला लागल्या, तर देव हसतोय! मोठ्या गोष्टीला लागोपाठ तीन होकार लागतात.

शुई-मूनं गुडघे टेकले, नाव सांगितलं, घराचा पत्ता सांगितला, जन्मतिथी सांगितली आणि खणखणीत आवाजात विचारलं, “आजोबा, ताटातली ही पाटी तुमच्या खेळासाठी नेऊ का?”

खट्. दोन्ही फुगीर. नाही.

“ऐकू नसेल आलं,” तो मागे वळून म्हणाला. “गाडीचं गाणं चालू आहे.” त्यानं पुन्हा पत्ता सांगितला, या वेळी मजल्यासकट. खट्. नाही. तिसऱ्यांदा त्यानं हात जोडून, डोळे मिटून, पाटीचे गुण एकेक करून सांगितले. फाकी पडल्या आणि डुलू लागल्या. देव हसत होता! मागे फांगही हसत होता, पण देवावर ओरडता येत नाही, म्हणून शुई-मू फांगवर ओरडला.

मग फांग पुढे झाला. त्यानं पिशवी वर धरली. “आजोबा, ही? एक हजार आहे!”

हो. हो. हो!

तिन्ही कौल असे पडले की पाहणाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. शुई-मूला तोंडात मारल्यासारखं झालं. जन्मभर ज्या गोष्टीत आपण कधी चुकलो नाही, त्यात देवानंच आपल्याला नापास करावं? आणि पास कुणाला, तर विक्री खात्याला?

पण तपासणीच्या हॉलमधला माणूस असा एका ‘नाही’नं ऐकत नसतो. त्यानं विचार केला, पाटी फांगची तर फांगची, निदान प्रोसेसर तरी मंद लावू. तो क्वांगह्वाच्या बाजारात जाऊन जुन्या भागांच्या खोक्यांत हात घालून घालून फांगच्या पाटीत बसतील असे चार प्रोसेसर घेऊन आला, एकाहून एक मंद. संध्याकाळी गाडीच्या वेळेला पुन्हा देवळात! चारही प्रोसेसर, रीतीप्रमाणे, ताटात. पहिल्याला विचारलं. नाही. दुसऱ्याला. नाही. तिसऱ्याला देव हसला. चौथ्याला इतका हसला की एक फाक डुलत डुलत देव्हाऱ्याखाली गेली आणि ती काढायला शुई-मूला पालथं पडावं लागलं.

“पुरे आता, दादा,” फांग त्याला उठवत म्हणाला, “देवाला गिऱ्हाईक समजून मागे लागू नये. हे मी तुला सांगतोय, मी!”

देव नाही म्हणाला, म्हणजे ताटातलं काही उचलायची सोय नव्हती. पाटी आणि प्रोसेसर तिथेच राहिले. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ली-चू उदबत्ती लावायला गेली, तेव्हा तिला ताटात ती पाटी दिसली. पलंगाखालून काढून जी पुसली जायची, जिला हात लावला की नवरा खेकसायचा, ती पाटी! देवापुढे! ली-चूचे डोळे भरून आले. तिनं ताटातली सुकलेली संत्री बदलली, पाटीवरची धूळ हलक्या हातानं पुसली आणि दुकानात येऊन सगळ्यांना सांगितलं, “आमच्या माकडानं जिवापाड जपलेली वस्तू देवाला दिली. मला बोललासुद्धा नाही. मन मोठं आहे हो त्याचं!”

शुई-मू मागे उभा राहून हे ऐकत होता. आयुष्यात पहिल्यांदा बायको चारचौघांत त्याचं कौतुक करत होती, आणि तेसुद्धा त्यानं न केलेल्या गोष्टीचं! खरं सांगावं तर कौतुक जाणार, वर देवानं नापास केल्याचं उघड होणार. त्यानं गप्प राहून भांडी घासायला घेतली. तेही पहिल्यांदाच.

वाढदिवस उजाडला. गल्लीभर मांडव, गोल टेबलं, मोठमोठ्या चुलींवर आचाऱ्याची धांदल. देवळासमोर पांढरा पडदा, त्याच्यापुढे रिकाम्या लाल स्टुलांची रांग, मागे सगळी गल्ली. टेबलावर कॉम्प्युटर, आत फांगची एक हजारची पाटी. आणि ध्वनिक्षेपक कुणाच्या हातात? फांगच्याच!

“मंडळी!” फांग गरजला. “भूमिआजोबांच्या वाढदिवसानिमित्त, आपल्याच गावच्या पाटीवर, ड्रॅगन होड्यांची भव्य शर्यत! या पाहा होड्या रांगेत उभ्या! लाल होडी, हिरवी होडी! ढोल वाजतोय! आणि होड्या निघाल्या...”

टर्रर्र!

“...आणि पोहोचल्या,” फांग म्हणाला.

पडद्यावर फटाके फुटत होते. हिरवी होडी जिंकली होती.

“होड्या कुठल्या होत्या?” मागून एका आजींनी विचारलं. “मी नुसती शिंकले.”

“पुन्हा, पुन्हा!” फांग घाईघाईनं म्हणाला. “मंडळी, नीट लक्ष द्या! डोळे मिटू नका! होड्या निघा... पोहोचल्या.”

तिसऱ्या खेपेला ध्वनिक्षेपक तोंडापर्यंत न्यायच्या आत शर्यत संपली. मागच्या रांगा हसू लागल्या, मग मधल्या. दोन-चार जण उठून मांडवात जागा धरायला निघाले. शुई-मूचे कान लाल झाले. ही सगळी माणसं उद्यापासून त्याला बघून टर्रर्र करणार होती. मरेपर्यंत करणार होती!

“हळू चालव ना!” ध्वनिक्षेपकावर हात ठेवून फांग पुटपुटला.

“हजार आहे तो! हळू कसा चालवू? तू आणलास, तूच मागे धर त्याला!”

तेवढ्यात हात पुसत ली-चू पुढे आली. “अरे माकडा, तुझा तो कांद्याच्या ठेक्यावरचा ढोल कुठे गेला? रोज वर वाजायचा तो? तो बरा होता की.”

“ती पाटी देवानं नाकारली,” शुई-मू शेवटी जमिनीकडे बघत म्हणाला. आता लपवायला उरलं तरी काय होतं? “मी दिली नव्हती देवाला. मी नेऊ का म्हणून विचारलं, देव नाही म्हणाला. चार प्रोसेसरांनाही नाही म्हणाला. वर हसला.”

ली-चूनं हातातलं फडकं खांद्यावर टाकलं. “पाटी तेव्हा होती कुठे?”

“ताटात.”

“चिक्कीबरोबर?”

“आणि संत्र्यांबरोबर. रीतीप्रमाणे!”

“आणि आधी विचारलंस, ‘आजोबा, जेवण झालं का?’”

शुई-मूनं कपाळावर हात मारला. फांगनं आकाशाकडे पाहिलं. त्या संध्याकाळी हजर असलेल्या सगळ्या पुरुषांना एकदम आपापल्या चपला दिसू लागल्या. नैवेद्याचं ताट उचलण्याआधी देवाला जेवण झालं का म्हणून कौल लावतात, हे आमच्या गल्लीत शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. पण ताट उचलायचं काम बायकांचं. पुरुषांनी जन्मात एकदा तरी ताट उचललं असतं तर ना!

“पाहुणा जेवायला बसलाय,” ली-चूनं हात कमरेवर ठेवले, “त्याला हात धुवायची उसंत नाही, आणि तू त्याच्या ताटातलं मागतोस? एकदा नाही, पाच-पाचदा? ‘हे नेऊ का? मग हे नेऊ का?’ देव हसला म्हणून वाचलास! मी असते तर ताट डोक्यात घातलं असतं!”

ती तडक देवळात गेली, गुडघे टेकले आणि घरातल्या म्हाताऱ्याशी बोलावं तसं म्हणाली, “आजोबा, झालं का जेवण?”

खट्. हो.

“हा मूर्खपणानं बोलला, मनावर घेऊ नका. आता त्याची पाटी नेऊ द्याल?”

हो. हो. हो!

अख्खी गल्ली ओरडली. मांडवात जागा धरायला गेलेले परत आले. ली-चूनं ताट उचललं आणि नवऱ्यापुढे धरलं. “घे. लाव.”

आणि मंडळी, आता जे झालं ते आम्ही विसरणार नाही. शुई-मूनं बाह्या वर केल्या. घरून जुन्या जातीचा वीजपुरवठ्याचा डबा आणवला, कारण या पाटीला फांगच्या पाटीची वीज चालत नाही. तो खाली बसला आणि त्याच्या वयाची वीस-पंचवीस वर्षं कुणी काढून घेतल्यासारखे त्याचे हात चालू लागले. हजारवाली पाटी बाहेर, आपली आत. त्या जुन्या डब्याला तारांचे दोन जुडगे असतात आणि ते उलटसुलट बसले तर पाटीचा धूर निघतो. फांग घाबरून म्हणाला, “दादा, बघून, बघून!” पण शुई-मू बघत नव्हताच. “काळ्या तारा मध्ये, एकमेकींना चिकटून,” तो बोटांनी चाचपत म्हणाला, “हे डोळ्यांचं काम नाही रे.” ली-चू विजेरी धरून त्याच्या खांद्यावर वाकली होती. तिची नजर तारांवर नव्हती, त्याच्या हातांवर होती.

त्यानं बटण दाबलं.

टूं!

“आली,” शुई-मू हळूच म्हणाला.

पडद्यावर अक्षरं उमटली, स्मृती मोजली गेली, फ्लॉपी कुरकुरली, आणि मग ढोल. धम. धम. धम! लाल आणि हिरवी होडी पाण्यात डुलू लागल्या. वल्ही वर गेली, खाली आली. एकेक वल्हं मोजता येत होतं! मागच्या आजी उभ्या राहून म्हणाल्या, “दिसल्या गं बाई होड्या!” आणि टाळ्यांचा असा काही कडकडाट झाला की आचाऱ्यानं झारा टाकून बाहेर डोकावलं.

“हे करायचास तू?” ली-चूनं विचारलं. “त्या हॉलमध्ये?”

“हेच.”

“रोज?”

“रोज. प्रत्येक पाटीला.”

“मग घरी येऊन सांगायला काय झालं होतं तुला?” तिचा आवाज एकदम जड झाला. “मला वाटायचं, नुसत्या चुका काढतोस. तू तर त्यांना जिवंत करायचास की!”

शुई-मूनं मान इतकी ताठ केली की सदऱ्याचं वरचं बटण तुटलं. फांगनं ध्वनिक्षेपक त्याच्यापुढे धरून विचारलं, “बोल दादा, काय वाटतं?” तर हा म्हणाला, “पंचवीस!”

इथे गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण आतापर्यंत होड्या आपोआप पळत होत्या; खरी शर्यत दोघांनी खेळायची असते. कीबोर्डच्या डाव्या बाजूच्या दोन कळा एकाच्या, उजव्या बाजूच्या दोन दुसऱ्याच्या, आलटून पालटून दाबायच्या की होडी पुढे सरकते. “सरक,” म्हणत ली-चू स्टूल ओढून उजव्या बाजूला बसली. पहिली शर्यत शुई-मूनं सहज जिंकली आणि मोठ्या मनानं तिला दोन सूचना केल्या. तिनं कौलाच्या फाकी उचलल्या.

“आजोबा, आणखी एक शर्यत बघणार?”

हो.

दुसरी शर्यतही शुई-मूनं जिंकली. आणखी बघणार, आजोबा? हो! तिसरी थोडक्यात जिंकली. मांडवात थंड पदार्थ आले, कोळंबी आली, लोक एकेक करून जेवायला गेले. देवाला अजून बघायचंच होतं. मानकऱ्याला देवाला अर्धवट सोडून उठता येतं का? पाचव्या शर्यतीपर्यंत शुई-मूची बोटं दुखायला लागली. ली-चूची बोटं आयुष्यभर पोळ्या उलटत होती. ती आता कुठे गरम होत होती!

“मासा आला रे!” मांडवातून फांग ओरडला. “अख्खा! आल्याचा!”

सहावी शर्यत. हिरवी होडी सुटली ती सुटलीच. लाल होडी अर्ध्या पाण्यात असताना पलीकडे ली-चूचे फटाके फुटले. तिनं शांतपणे फाकी उचलल्या.

“आजोबा, झालं का बघून?”

हो. पहिल्याच कौलाला.

दोघं मांडवात पोहोचली तेव्हा टेबलावर आल्याचा रस्सा होता आणि त्यात माशाचं डोकं.

“शेवटची मी मुद्दाम सोडली,” शुई-मूनं बसता बसता सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. “म्हटलं, बाईमाणूस आहे, किती वेळ बसवायचं तिला.”

“अर्थातच, दादा,” फांग म्हणाला.

“अर्थातच,” सगळं टेबल म्हणालं.

ली-चूनं माशाचं डोकं उचलून त्याच्या वाडग्यात घातलं आणि वर मोठ्या प्रेमानं दोन चमचे रस्सा ओतला. “खा, माकडा,” ती म्हणाली. “बोटं चालत नसतील तर भरवू का?”